अर्धा चक्कर मागे

आदिलाबाद,
गुरुवार, १९ जानेवारी २०१७

प्रिय पद्मजा,

तू दार उघडलंस, माझ्या खांद्यावरची पान्यांची पिशवी पाहिलीस आणि आत वळून बाबांना म्हणालीस, "नान्ना, प्लंबर वच्चिंडु." माझं सगळं बदललं ते त्या घडीला. कॉलेज सोडलं तेव्हा नुसती डोक्यात आग होती, ती चार दिवसांत विझली असती. पण दीड वर्ष माझ्याशी मराठीत भांडलेली तू, आईबापाशी घरात मराठीच बोलणारी तू, आणि 'प्लंबर आला' एवढं सांगायला तुला तेलुगू लागली! जणू मला ते कळू नये. मला कळतं की. तूच तर शिकवलंस.

हे मी तुमच्याच रिकाम्या घरात लिहितोय, न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून. तुमचा पहिला टेंपो सकाळी नव्या गावी, निर्मलला गेला, दुसरा चार वाजता यायचा आहे. त्यात गिझर, तुळशीची कुंडी आणि तुझ्या पुस्तकांचं खोकं जाणार. काकांनी किल्ली माझ्या हातात देऊन सांगितलं, "मारोती, गिझर नीट उतरव, घरमालकाची लाईन बंद कर, आणि रविवारी निर्मलला येऊन तूच बसवून दे. जेवायलाच ये." तुझ्या बाबांच्या, शामरावकाकांच्या तोंडून 'जेवायला ये' हे मी पहिल्यांदा ऐकलं. गिझरखाली बादली लावली आहे. पाणी हळूहळू निथळतंय आणि मला कशाचीच वाट बघणं सोसत नाही, हे तुला माहीत आहे. दोनदा उठून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. तुझा फॉर्म मिळाला. स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर, उडू नये म्हणून वर पालथी वाटी. कॉलेजात परत घेण्याचा अर्ज, तुझ्या अक्षरात माझं नाव, सोमवार शेवटची तारीख. रविवारचं जेवण आणि सोमवारचा फॉर्म, एका आठवड्यात इतकं माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. म्हणूनच जीव थाऱ्यावर नाही. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगितली की जेवण, फॉर्म आणि तुझं माझ्याशी बोलणं, तिन्ही जातील असं वाटतंय. चार वाजेपर्यंत लिहून होतं का बघतो.

आधी फॉर्मचं. 'शिक्षण सोडण्याचे कारण' या रकान्यात तू 'घरची अडचण' असं लिहिलं आहेस. माझी लाज राखलीस. पण घरची कसली अडचण? बेला भागातल्या मराठी शाळेतून आलेला मी, सर तेलुगूत बोलायचे, फळ्यावर इंग्रजी लिहायचे, आणि त्या दोन्हींच्या मधल्या खड्ड्यात मी. तू पुढच्या बाकावरून वही मागं सरकवायचीस, कोपऱ्यात मराठीत अर्थ लिहिलेला. त्या एका कोपऱ्यावर मी तीन सेमिस्टर काढली. मग त्या दिवशी सरांनी मला उभं केलं, मी माझ्या तेलुगूत उत्तर दिलं, आणि सगळा वर्ग हसला. वर्गाचं मला काही वाटलं नाही. सर हसले त्याचंही नाही. मी खाली बघितलं तर तूही तोंडावर ओढणी धरून हसत होतीस. म्हणून मी ड्रॉईंग बोर्ड आपटला, दार आपटलं, आणि गावाला गेलो. बाप अंगणात उभा. "काऊन आला बे? मास्तरानं हाकललं का तूच पळाला?" मी म्हणालो, "मीच आलो." "मंग उद्यापासून कापूस वेचाले चाल." तीन दिवस वेचला. चौथ्या दिवशी बेल्याहून बस धरून परत आदिलाबादेत, कारण तू आदिलाबादेत होतीस. कॉलेजात जायचं नव्हतं आणि गाव सोसत नव्हतं. मधे उरलं काय, तर बसस्टँडमागचं हार्डवेअरचं दुकान आणि त्याच्या पायरीवर बसलेला पोशट्टी उस्ताद.

पोशट्टीला तू एकदाच पाहिलंस, तेही वाईट दिवशी. साठीचा माणूस, तेलुगू त्याची मायबोली, पण कामावर बोलतो ती आपल्या आदिलाबादची खिचडी हिंदी. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "कालेज वाला है? अच्छा. तो पहले झाडू पकड." सहा महिने त्यानं मला पाण्यापेक्षा झाडूच जास्त धरायला लावला. त्याच्या कामाच्या दोन रीती आहेत. घरवाल्यानं स्वतः नळाखाली हात धरून 'हो, ठीक आहे' म्हटल्याशिवाय काम झालं असं म्हणायचं नाही. आणि कुठलाही वॉल, म्हणजे लाईनीवरचं ते गोल चाक, पूर्ण उघडायचा आणि मग अर्धा चक्कर मागे घ्यायचा. ताणून ठेवला तर वर्षभरात क्षार धरून जाम होतो. घरवाल्याचा हात चाकावर ठेवून तो दाखवतो, "देखो साब, आधा चक्कर ढीला, मतलब बराबर." दसऱ्याला तुमच्याकडे गिझर बसवला तेव्हा काकांनाही त्यानं असंच दाखवलं होतं. हे नीट लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

दसऱ्यालाच आदिलाबाद जिल्हा फोडून चार जिल्हे केले आणि तुमचा जिल्हा बदलला. आमचा बेला जुन्या जागेवरच राहिला आणि काकांच्या कलेक्टर कचेरीतल्या दफ्तराचे चार तुकडे झाले. मी पहिल्यांदा आलो त्या दिवशी, नोव्हेंबरात, काका काकूंना सांगत होते, "कपाट मंचेरियलला गेलं, त्याची किल्ली आसिफाबादला, आणि मी निर्मलला. एखाद्या जुन्या प्रकरणाची मिसल हवी असेल तर तीन कलेक्टरांना अर्ज करायचा." काकू हसल्या, तू हसली नाहीस. तुम्ही जाणार हे मला तिथं, न्हाणीघरात, हातात पाना धरून कळलं. कॉलेज संपेपर्यंत तू आहेस, मग सगळ्यांनीच निर्मलला जायचं, असं काहीतरी तेव्हा ठरत होतं, ते पुढं जानेवारीवर आलं. उस्तादनं मला एकट्याला पाठवलं होतं, "जा, जाली साफ करके आ. गीझर के लाईन को हात नको लगा." तुमचा थंड नळ धो धो आणि गरम नळाची करंगळीएवढी धार. मी नळाच्या तोंडची जाळी काढली. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसून तिची भोकं बुजली होती. काकूंकडून लिंबू मागितलं, रसात जाळी भिजवली, जुन्या ब्रशनं घासली, परत बसवली. धार मनगटाएवढी झाली. काकूंनी हात धरला, "हो रे बाबा, झालं!" म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. वीस मिनिटांचं काम. मी न्हाणीघरात एकटा उरलो, पिशवी भरत. बाहेर तू काकांशी बोलत होतीस. ते 'वच्चिंडु' अजून कानात होतं. तेव्हा मी काय केलं ते सांगतो, जरा दम धर, मलाच तिथं पोचायला वेळ लागतोय.

निघताना दार एवढ्या जोरानं ओढलं की तुमच्या भिंतीवरचं घड्याळ खिळ्यावरून निसटलं. काकूंनी ते पदरात झेललं. "अरे हळू! माझ्या माहेरचं आहे ते." मी जिना उतरून गेलो. सॉरीसुद्धा म्हणालो नाही.

चौथ्या दिवशी काकांचा फोन, गरम पाणी पुन्हा येईना. आलो. वॉशर बदलला. नाही आलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. नळच नवा बसवला. तरी नाही. काका स्टुलावर चढून गिझरजवळचा वॉल बघून आले होते, कागदपत्रं तपासल्यासारखे. म्हणाले, "वॉल बरोबर आहे. अर्धा चक्कर फिरतो आणि थांबतो, तुमच्या उस्तादनं दाखवला तसाच." मी मान डोलावली. दरवेळी काकू चहा देत, तुमच्याच कपात. आणि तू दुसऱ्या खेपेला मराठीत 'बस' म्हणालीस, तिसऱ्या खेपेला मागच्या पायऱ्यांवर गाठलंस. "किती दिवस दुसऱ्यांच्या न्हाणीघरांत जन्म काढणार आहेस?" मी उसळलोच, "तू हसली होतीस." तू म्हणालीस, "हसले. सगळा वर्ग हसला म्हणून हसले, आणि घरी येऊन दोन दिवस जेवले नाही. ते विचारलंस कधी?" मग मी 'प्लंबर वच्चिंडु'चं काढलं, भांडायला काहीतरी हवं होतं. तेव्हा तू खाली बघून म्हणालीस, "तुझं नाव घेतलं असतं तर माझ्या आवाजावरून बाबांना सगळं कळलं असतं. तेलुगूत बोलले की माझा आवाज ऑफिसातला होतो." पद्मजा, मी त्या पायरीवर मेलो. ज्या शब्दांवर पंधरा दिवस जळलो, त्यांत तू मला लपवून ठेवलं होतंस. तू म्हणालीस फॉर्म आणते, बाबांशी बोलते. मी म्हणालो शनिवारी परत येतो, नळाचं शेवटचं करून टाकतो. शनिवारी नक्की करणार होतो. तुझ्या गळ्याची शपथ, करणार होतो.

शुक्रवारी सकाळी त्या वर्षातली सगळ्यात कडाक्याची थंडी पडली. काकूंनी गॅसवर पातेलं तापवलं आणि दोन्ही हातांनी धरून न्हाणीघराकडं नेलं, आणि याच उंबऱ्यावर, जिथं मी आता बसलो आहे, त्यांचा पाय घसरला. डावा पाय घोट्यापासून बोटांपर्यंत भाजला. मला कळलं शनिवारी, तुमच्याकडं निघायच्या आधी, हार्डवेअरच्या दुकानात, कुणीतरी सहज सांगितलं. मी पिशवी उचलून धावत निघालो, तर उस्ताद म्हणाला, "रुक. मैं भी आता."

पुढचं तू पाहिलंस, पण स्वयंपाकघराच्या दारातून. मी जवळून पाहिलं. उस्ताद नळाकडं गेलाच नाही. स्टुल ओढलं, चढला, वॉलच्या चाकावर हात ठेवला. उघडायच्या दिशेनं फिरवलं. काकांनी बंद करायच्या दिशेनं फिरवून पाहिलं होतं, अर्धा चक्कर गेलं आणि थांबलं, म्हणून त्यांना ते बरोबर वाटलं. उस्तादच्या हातात ते उघडायच्या दिशेनं फिरत राहिलं. अर्धा, एक, दोन, तीन चक्कर. मग थांबलं. म्हणजे तो वॉल पूर्ण उघडून अर्धा मागे घेतलेला नव्हता. पूर्ण बंद करून अर्धा उघडलेला होता. त्यानं वरून माझ्याकडं एकदाच पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, तेच मला आजही सोसत नाही. मग त्यानं चाक अर्धा चक्कर मागे घेतलं, खाली उतरला, आणि गरम नळ सोडला. धो धो पाणी.

काका म्हणाले, "म्हणजे पंधरा दिवस वॉल बंद होता? आणि माझी बायको पाय भाजून पडली आहे?" उस्ताद म्हणाला, "हौ साब. मैंने ही ऐसा रखा. उमर हो गई, हात को समझा नहीं." काका भडकले, "आंधळे झाला आहात तर घरी बसा! हा पोरगा बिचारा तीन खेपा मारून दमला!" उस्ताद म्हणाला, "पोरगे को मैंच बोला था, गीझर के लाईन को हात नको लगा. उसका कुछ नहीं साब." आणि मी? एका हसण्यासाठी बोर्ड आपटणारा मी, त्या दिवशी तोंडात सरकी कोंबल्यासारखा उभा राहिलो. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, म्हाताऱ्या माणसाला बोलू नका. मारोती, बस, चहा घेऊन जा." मी चहा घेतला, पद्मजा. तो घशाखाली उतरला.

तो वॉल मी बंद केला होता. पहिल्याच दिवशी, काकू चहा ठेवायला गेल्या तेव्हा. काम झालं होतं, आणि काम झालं म्हणजे या घरात परत यायला कारण उरलं नव्हतं. रागही होता, की आता कोण प्लंबर ते बघच. हात वर गेला, चाक पूर्ण आवळलं आणि अर्धा चक्कर सोडलं. उस्तादनं काकांना शिकवलेली खूण मला माहीत होती, म्हणून त्या खुणेतच खोटं लपवलं. दोन दिवसांत फोन येईल, येऊन उघडीन, एवढाच हिशेब होता. पण आलो की तू दिसायचीस, आणि उघडला तर पुढची खेप नाही, म्हणून वर उचललेला हात मी दोनदा खाली घेतला. वॉशर, नवा नळ, सगळं नाटक. काकूंचा पाय मी भाजला.

त्या दिवशी बाहेर आल्यावर उस्ताद मला शिव्या देईल, हाकलून देईल, असं वाटलं. टपरीवर थांबला, म्हणाला, "चाय पी." मी म्हणालो, आत्ताच प्यायलो. "और पी. वो चाय तेरी नहीं थी." एवढंच. दुसऱ्या दिवशी पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आज से हर घर में वाल तू खोलेगा. मैं खड़ा रह के देखूँगा." महिना झाला, मी उघडतो आणि तो बघतो. पण घरंच कमी झाली आहेत. काकांनी ऑफिसात सांगितलं, कॉलनीत सांगितलं, आणि कॉलनीतल्या लोकांनी 'तो आंधळा नको' म्हणायला सुरुवात केली. परवा एका बाईनं त्याला दारातूनच परत पाठवलं आणि मला म्हणाली, तू एकटा ये. चाळीस वर्षं ज्यानं या गावाला पाणी पाजलं, तो दुकानाच्या पायरीवर बसून असतो. आणि काकांच्या मनात मी 'कष्टाळू, शांत पोरगा' झालो. शांत! तू मला ते हसत हसत सांगितलंस, तेव्हा मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. रविवारचं जेवण त्या शांतपणावर वाढलेलं आहे.

उठलो होतो. बादली भरली, ओतून आलो. आता शेवटची धार आहे.

निर्मलला गिझर कुणीही बसवो, तू उभी राहून बघ. गिझरमधलं गरम पाणी आपल्या जोरानं येत नाही. खालून थंड पाणी आत शिरतं, ते गरमाला बाहेर ढकलतं. थंडाचा वॉल आवळला की गरम नळाचा जीव जातो, आणि शेजारचा थंड नळ मात्र जोरात, म्हणून कुणाला तिकडं बघावंसं वाटत नाही. गरमाची धार कमी झाली तर पहिल्यांदा जाळी काढून लिंबात भिजव. नाही जमलं तर वॉलला हात लाव, उघडायच्या दिशेनं. अर्धा चक्कर जाऊन थांबला तर बरोबर. फिरतच राहिला तर कुणीतरी तुम्हाला फसवतोय. आणि तोवर काकूंना पातेलं उचलू देऊ नकोस. सकाळी तुझ्या खांद्यावर हात ठेवून त्या टेंपोत चढल्या, पायाला मऊ फडकं गुंडाळलेलं, आणि मलाच म्हणाल्या, "किती खेपा घातल्यास रे आमच्यासाठी."

चार वाजत आले, गल्लीच्या तोंडाशी टेंपोचा हॉर्न वाजतोय. हे कशासाठी लिहिलं ते आता सांगतो. तोंडानं सांगायला गेलो असतो तर काका दोन शब्द चढून बोलले असते, मी चार बोललो असतो, आणि दार आपटून निघालो असतो, पोशट्टीचं राहूनच गेलं असतं. म्हणून हा कागद तुझ्या पुस्तकांच्या खोक्यात सगळ्यात वर ठेवतोय. रविवारच्या आधी काकांना वाचून दाखव, काकूंसमोर. मग त्यांनी पोशट्टीला फोन करावा, माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी, आणि जिथं जिथं आंधळा म्हणाले तिथं तिथं पुन्हा बोलावं. त्यानंतरही मला बोलावलं तर मी येईन, पण उस्तादला बरोबर घेऊन, आणि वॉलवर पहिला हात त्याचा. नाही बोलावलं तर येणार नाही. खोटं कशाला बोलू, एकदा तुमच्या गल्लीतून जाईन, पण दार वाजवणार नाही. फॉर्म मी ठेवून घेतलाय. 'घरची अडचण' खोडून तिथं 'राग' लिहिलं आहे, आणि तू काहीही ठरवलंस तरी सोमवारी तो नेऊन देणार आहे. आता गिझर उचलतो, लाईनीला बूच मारतो, किल्ली खालच्या मजल्यावर घरमालकाकडं देतो. काकूंचं घड्याळ सकाळीच गेलं, भिंतीवर नुसता खिळा आहे. तरी दार हळूच ओढून घेतो.

तुझाच,
मारोती